मुक्तिनाथ : जोमसोमचं छोटं विमान घ्यावं की जीप?

कोपरीकर | २ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

आमचे बाबा (वय ७१) आणि त्यांचा तलावपाळीवरचा सकाळी फिरणाऱ्यांचा ग्रुप यांचं एप्रिलमध्ये नेपाळमधल्या मुक्तिनाथच्या दर्शनाला जायचं ठरलंय. नऊ ज्येष्ठ, आणि सामान उचलायला मी आणि बायको. टूरवाल्याने दिलेल्या कागदात पोखरा ते जोमसोम हा टप्पा विमानाचा आहे. ट्विन ऑटर, जेमतेम १९ आसनांचं, वीस मिनिटांत पोचवतं. तोच रस्ता जीपने गेलं तर अख्खा दिवस खातो, आणि आमच्या नऊ जणांत गुडघे धड असलेले तीनच.

अडचण अशी की घरात 'जोमसोम' म्हटलं की आई गप्प होते. २९ मे २०२२ ला याच मार्गावरचं विमान डोंगरावर आदळलं, ती बातमी ठाण्यात कुणाला सांगायला नको. त्या विमानात २२ माणसं होती आणि त्यातली चार आपल्या ठाण्यातली, एकाच घरातली. (त्यांच्याबद्दल इथे कुणी काही लिहू नये ही विनंती, ओळखीतले असलात तरी.)

बाबांचं म्हणणं, रोज विमानं जातात-येतात, त्यापेक्षा घोडबंदरला रिक्षाने जाणं जास्त धोक्याचं. आई वाद घालत नाही, फक्त कूकरची शिट्टी जरा जोरात काढते.

मला एवढंच समजून घ्यायचंय. विमान चालू स्थितीत, पायलट वर्षानुवर्षं त्याच मार्गावरचा, आणि तरी ते डोंगरावर जाऊन आदळतं कसं? डोंगर काय लपून बसतो? हे कळलं तर घरात काय बोलायचं ते ठरवता येईल.

---

नाक्यावरचा | २ फेब्रुवारी, रात्री १०:५८

घोडबंदरच्या मुद्द्याला +१. काकांना नमस्कार सांगा.

---

येऊरवाट | २ फेब्रुवारी, रात्री ११:३५

मी अन्नपूर्णा सर्किट करून जोमसोमहून विमानाने पोखऱ्याला उतरलोय. दृश्याबद्दल बोलायचं तर आयुष्यात एकदा तरी बघावं. एका बाजूला अन्नपूर्णा (८०९१ मीटर), दुसऱ्या बाजूला धौलागिरी (८१६७ मीटर), आणि विमान त्यांच्या मधल्या काली गंडकीच्या दरीतून. खिडकीतून वर बघावं लागतं डोंगराकडे, खाली नाही! तेव्हा मजा वाटली होती. आता लिहिताना तेवढी वाटत नाहीये.

एक गोष्ट नक्की सांगतो. सकाळी उठलात तर जोमसोम गोड गाव आहे. दहा-अकरा वाजले की दरीतून जो वारा सुटतो तो माणसाला ढकलतो. म्हणून विमानं सगळी सकाळचीच. सकाळचं चुकलं की तो दिवस गेला. 'दुपारी जाऊ' असं तिथे नसतं.

---

थेट_बोल | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

सरळ उत्तर देतो. नेपाळची विमानं भंगार असतात. त्या २०२२ च्या विमानाचं वय बघा गूगलून. जीपने जा, विषय संपला.

---

निवृत्त_हँगर | ३ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

विषय संपला म्हणायची एवढी घाई नको, थेट_बोल.

मी ३४ वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, आता नेरूळला नातवंडांच्या सायकली दुरुस्त करतो. त्यामुळे 'जुनं विमान म्हणजे भंगार' हे ऐकलं की हात शिवशिवतात. विमानाचं वय आणि विमानाची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी. तासांच्या हिशोबाने भाग बदलले जातात. चाळिशीतलं ट्विन ऑटर नीट ठेवलं तर उत्तम चालतं.

तुम्ही म्हणता ते विमान १९७९ चं होतं, खरं आहे. पण त्याच कंपनीचं, त्याच पोखरा-जोमसोम मार्गावर, २४ फेब्रुवारी २०१६ ला दुसरं एक ट्विन ऑटर पडलं होतं. २३ जण गेले, कुणीच वाचलं नाही. ते विमान कारखान्यातून येऊन वर्षही झालं नव्हतं. एक ४३ वर्षांचं, एक कोरं करकरीत, शेवट एकच. मग यंत्राला किती दोष द्यायचा?

दोन्ही चौकशी अहवालांचा गाभा सारखा आहे. हा मार्ग डोळ्यांनी उडायचा आहे. जोमसोमला ढगातून उपकरणांच्या भरवशावर उतरवणारी सोय नाही, पायलटला जमीन दिसलीच पाहिजे. दोन्ही वेळा विमान ढगात शिरलं, ठरलेल्या वाटेवरून सरकलं आणि बाजूच्या डोंगराला भिडलं. इंजिनं शेवटपर्यंत नीट चालू. आमच्या धंद्यात याला 'कंट्रोल्ड फ्लाइट इनटू टेरेन' म्हणतात, तोंडात बसायला सोपं म्हणून 'सीफिट'. म्हणजे काबूत असलेलं, धडधाकट विमान जमिनीत नेणं.

आता खरी खुपणारी गोष्ट. या विमानांत जमिनीचा इशारा देणारी पेटी असते. तिच्या पोटात डोंगरदऱ्यांचा नकाशा असतो, उपग्रहावरून ती विमानाची जागा घेते आणि पुढे डोंगर आला की ओरडते, 'टेरेन, टेरेन, पुल अप'. मैदानातून उडणाऱ्याला ती आयुष्यात एकदाच ओरडेल आणि जीव वाचवेल. काली गंडकीच्या दरीत दोन्ही हातांना डोंगरच, त्यामुळे ती रोज ओरडते. रोज ओरडणाऱ्या गोष्टीचं माणूस काय करतो? आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं दार उघडं राहिलं की ती 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणते. चार दिवसांनी कुणाला ऐकूही येत नाही. २०१६ ला इशारा वाजत होता, तो मनावर घेतला गेला नाही. २०२२ च्या अहवालात तर ती यंत्रणा दाबून गप्प केलेली होती असं नोंदलंय.

मी पायलट नाही, त्यामुळे त्यांना शिव्या घालणार नाही. पेटी बसवणाऱ्यांपैकी मी एक. आम्ही पेटी बसवली, तपासली, सही केली आणि घरी गेलो. ती ज्या दरीत वापरायची तिथे ती अखंड किरकिर करणार, हा विचार सही करताना कुणाच्या डोक्यात येतो?

---

कोपरीकर | ३ फेब्रुवारी, रात्री ९:०५

हँगरकाका, मनापासून आभार. 'जुनं विमान' हा बाबांच्या मित्रांमधलाही आवडता मुद्दा आहे, आता त्यांना २०१६ सांगतो. पण मूळ प्रश्न उरतोच. ढगात शिरायचंच कशाला? आणि शिरलं तर विमान वर का न्यायचं नाही? वर तर मोकळं आकाश आहे ना?

---

सेसनावाली | ४ फेब्रुवारी, रात्री १२:२०

कोपरीकर, 'वर का नेलं नाही' हा प्रश्न मला दर लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच. खारघरला राहते. काही वर्षांपूर्वी कॅनडात शिकून छोट्या विमानाचं लायसन्स घेतलं, हिवाळा पूर्ण तिथेच गेला. म्हणून थोडं लांबण लावते.

पहिली गोष्ट, वर जाणं. मी ज्या चार आसनी सेसनावर शिकले ती समुद्रसपाटीजवळ मिनिटाला साधारण ७०० फूट चढते. १२,००० फुटांवर तीच जेमतेम २००-३०० फूट. हवा विरळ, इंजिनाला दम लागतो, पंखालाही धरायला हवा कमी. वर डोंगराच्या मागच्या अंगाला वारा खाली कोसळत असतो, तो मिनिटाला हजार फुटांनीही खाली दाबू शकतो. तुम्ही २५० ने चढताय आणि हवा हजाराने खाली नेतेय. वजाबाकी तुम्हीच करा. ट्विन ऑटर खूप ताकदवान आहे, दोन टर्बाइन, पण तिच्यातही केबिनमध्ये हवा दाबून भरलेली नसते. आठ हजार मीटरची शिखरं ओलांडायला ती बनलेलीच नाही. म्हणून दरीतून जायचं.

दुसरी गोष्ट, वळणं. दरीत ढग दिसला तर मागे फिरायचं, एवढं साधं आहे. पण मागे फिरायला जागा लागते. १०० नॉट (ताशी साधारण १८५ किलोमीटर) वेगाने आणि ३० अंश कलून विमान पूर्ण उलट दिशेला फिरवलं तर खाली साधारण ९३० मीटर रुंदी लागते. हेच १२,००० फुटांवर करा. काटा १०० च दाखवतो पण विरळ हवेत खरा वेग १२० च्या आसपास असतो, आणि रुंदी वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे साधारण १३४० मीटर. वाशीच्या खाडीपुलाच्या पाऊण लांबीइतकी जागा, आणि तीही दरीच्या अगदी एका कडेने उडत असाल तर. मधोमध उडत असाल तर अर्धी दरी वायाच गेली. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं होतं की दरीच्या मधून उडायचं नाही, कड धरायची. आणि दरी पुढे अरुंदच होत जाते! ज्या क्षणी मनात येतं 'अजून थोडं पुढे जाऊन बघू', तोच फिरायचा क्षण असतो. त्यानंतर फिरायला जागा शिल्लक असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट बर्फाची, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. आभाळ पूर्ण भरलेलं, खाली गोठलेल्या तळ्यावर ताजा बर्फ. वरून येणारा उजेड इतका सगळीकडून सारखा की कशाचीच सावली पडत नाही. तिथले लोक त्याला 'फ्लॅट लाइट' म्हणतात. शिक्षक शेजारी होते. मी उतरवायला निघाले आणि मला जमीन किती खाली आहे हे कळेना. शंभर फूट की दहा? समोर पांढरं, खाली पांढरं, वर पांढरं. डोळे काहीतरी क्षितिज शोधून काढतात, आणि ते खोटं असतं. शिक्षकांनी शांतपणे विमान हातात घेतलं, वर नेलं, आणि काठावरच्या झाडांच्या रांगेला समांतर उतरवलं. झाडं काळी, म्हणून दिसतात. माणसाच्या डोळ्याला उंची मोजायला काहीतरी ओळखीच्या मापाचं लागतं, झाड, घर, कुंपण. निव्वळ बर्फाच्या उतारावर दहा फुटांचा उंचवटा जवळ असला काय आणि डोंगर लांब असला काय, सारखेच दिसतात.

अलास्कात हिमनद्यांवर स्कीवर उतरणारे जुने पायलट विमानात झाडाच्या फांद्या भरून नेत. उतरायच्या आधी एक चक्कर मारून त्या बर्फावर टाकायच्या, म्हणजे डोळ्यांना धरायला काहीतरी मिळतं. तिथेच १९९९ च्या सप्टेंबरात जूनोजवळच्या हर्बर्ट हिमनदीवर पर्यटकांचं एक हेलिकॉप्टर अशा उजेडात बर्फावर आपटलं. त्याला शोधायला दुसरं गेलं, तेही आपटलं. मग तिसरं. एकाच दिवसात तीन. ऐकून हसू येतं आधी, मग येत नाही.

हे टाइप करताना बारा वाजून गेले. उद्या ऑफिस आहे.

---

ऐरोलीपार | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

सेसनावालीताई, सावली नसलेला उजेड मला आज सकाळीच दिसला, तुमचा प्रतिसाद वाचून बसमध्ये चढले तेव्हा. ऐरोली पुलावर थंडीत कधी कधी खाडी, चिखल आणि आभाळ सगळं एकाच राखाडी रंगाचं होतं. मच्छीमाराची होडी हवेत टांगल्यासारखी दिसते. फ्लेमिंगो उभे आहेत की उडतायत कळत नाही, पाय हलले तरच. वर्षानुवर्षं मी ते 'किती छान' म्हणून फोटो काढत होते.

---

नाक्यावरचा | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

माळशेजचं पण तेच. ऑगस्टात धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालवायचं. पुढचा दरीत गेला की आपणही मागोमाग. विमानाला पुढची गाडी नसते एवढंच.

---

तुर्भेकर_आजोबा | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

तुमची चर्चा छोट्या विमानांची आहे, पण मला राहवत नाही. मी ट्रॉम्बेला नोकरीला लागलो ते भाभा गेले त्यानंतर थोड्याच वर्षांत. जुनी मंडळी तो दिवस सांगत. २४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं बोइंग ७०७, नाव 'कांचनगंगा', जिनिव्हाला उतरायच्या बेतात होतं. आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या शिखराजवळ आदळलं, भाभांसह ११७ जण गेले. लोक अजून घातपाताच्या गोष्टी रंगवतात. चौकशीत निघालं ते साधं आणि म्हणूनच वाईट. जमिनीवरून नियंत्रकाने डोंगर अजून पाच मैल पुढे आहे असं सांगितलं, वैमानिकाचा समज झाला की आपण तो ओलांडला, आणि त्याने खाली उतरायला सुरुवात केली. विमानातलं दिशा सांगणारं एक उपकरणही चालत नव्हतं.

त्याच्या पंधरा वर्षं आधी, ३ नोव्हेंबर १९५०, 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडियाचंच विमान जवळजवळ तिथेच आदळलं होतं. ४८ माणसं. मुंबईहून निघालेलं.

त्या डोंगराखालची बोसाँ हिमनदी अजून वस्तू खाली आणून देते. २०२० मध्ये तिथल्या एका माणसाला भारतीय वर्तमानपत्रांचा गठ्ठा सापडला, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार अशी पहिल्या पानावर बातमी. ५४ वर्षं बर्फात. वाचता येत होती.

---

येऊरवाट | ४ फेब्रुवारी, दुपारी १:१५

आजोबा, हिमनदीवरून आठवलं. आपल्याकडे रोहतांगच्या पलीकडे चंद्रभागा शिखरांच्या बाजूला ढाका हिमनदी आहे. ७ फेब्रुवारी १९६८ ला हवाई दलाचं एएन-१२ चंदीगडहून लेहला निघालं, १०२ माणसं. पुढे हवामान वाईट म्हणून परत फिरलं आणि नाहीसं झालं. ३५ वर्षं काही पत्ता नाही. २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या मोहिमेला अवशेष सापडले. त्यानंतर लष्कराच्या तुकड्या पुन्हा पुन्हा गेल्या. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीला आणखी चार जवानांचे मृतदेह मिळाले. छप्पन्न वर्षांनी. एकाच्या कागदपत्रांवरून ओळख पटली. गावात अंत्यसंस्कार झाले तेव्हा ज्यांनी वाट बघितली होती त्यातले बहुतेक नव्हतेच.

मी त्या भागात ट्रेक केलाय. हिमनदी हळूहळू खाली सरकते, म्हणजे विमान पडलेली जागा आणि सापडलेली जागा एक नसते. शोधणाऱ्यांनी पडलं तिथे शोधायचं तरी कुठे?

---

थेट_बोल | ४ फेब्रुवारी, दुपारी २:००

मूळ प्रश्न ट्विन ऑटरचा होता. धाग्याचं श्राद्ध चालू आहे.

---

ऐरोलीपार | ४ फेब्रुवारी, दुपारी २:०६

थेट_बोल, तुम्हाला वाचायचं नसेल तर बाजूला 'पावभाजी ठाण्यात कुठे चांगली' धागा वर आलाय.

---

सेसनावाली | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

भांडू नका हो. सगळेच पडून मरतात असं चित्र होतंय म्हणून एक उलटी गोष्ट.

१९ नोव्हेंबर १९४६. अमेरिकन लष्कराचं एक डाकोटा, १२ माणसं, त्यात लष्करी अधिकाऱ्यांच्या घरातल्या बायका आणि एक ११ वर्षांची मुलगी. ऑस्ट्रियातून इटलीत पिसाला निघालं, ढगात आल्प्समध्ये वाट चुकलं आणि स्वित्झर्लंडच्या गाउली हिमनदीवर, ३३५० मीटरवर, सरळ बर्फात शिरलं. हिमनदीचा उतार आणि विमानाची दिशा अशी काही जुळली की ते घसरत जाऊन थांबलं. बाराच्या बारा जिवंत. त्यांना वाटत होतं आपण फ्रान्सच्या आल्प्समध्ये आहोत! रेडिओवर चुकीची जागा सांगत होते. पाचव्या दिवशी दोन छोट्या स्टॉर्क विमानांनी स्कीवर उतरून त्यांना एकेक-दोन-दोन करून खाली आणलं. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातून विमानाने माणसं सोडवायची सुरुवात तिथून धरतात.

बर्फ वाचवतोही, पण ते नशीब. त्यावर तिकीट काढू नये.

हो, आणि एक राहिलंच. उंची दाखवणारा काटा हवेच्या दाबावर चालतो. अपेक्षेपेक्षा हवा दर १० अंशांनी जास्त थंड असली तर तो जमिनीपासूनची उंची साधारण ४ टक्के जास्त दाखवतो. ३० अंशांनी थंड असेल तर काटा ५००० फूट म्हणतो आणि खरे असतात ४४०० च्या आसपास. दरीत हिवाळ्यात सहाशे फूट म्हणजे बरंच काही.

---

उलवेवाला | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

वाचतोय. आमच्या बाल्कनीतून नव्या विमानतळावर उतरणारी विमानं मोजतो रोज. हे वाचून मुलाला म्हटलं, या सगळ्यांना खाली सरळ धावपट्टी आहे, दिवे आहेत, ढगातूनही आणणारी यंत्रं आहेत. पोरगा म्हणाला, मग त्या पायलटला कशाला घ्यायचं? निरुत्तर.

---

निवृत्त_हँगर | ५ फेब्रुवारी, दुपारी ४:४५

कोपरीकर, आता तुमच्या कामाचं. माझं मत विमान नको असं अजिबात नाही. जोमसोमला रोजची कितीतरी विमानं सुखरूप उतरतात. माझं मत टूरवाल्याच्या कागदावर आहे. त्यात तारखा कशा आहेत ते बघा. जोमसोमला पोचायच्या दुसऱ्याच दिवशी दर्शन आणि तिसऱ्या दिवशी काठमांडूहून मुंबईचं विमान, असं असेल तर तो कार्यक्रमच धोक्याचा. विमान रद्द झालं तर सगळं कोसळतं. मग तुम्ही तिथल्या काउंटरवर हात जोडणार, नऊ ज्येष्ठ चेहरा पाडून बसणार, टूरवाला कंपनीला फोन करणार. रोज शंभर माणसं असे हात जोडतात आणि त्या दबावाखाली कुणीतरी म्हणतं, बघू या, जाऊन तर बघू. ढगात शिरायची सुरुवात कधी कधी काउंटरवर होते.

मोकळा दिवस ठेवा. एक नव्हे, दोन. पहिल्या विमानाचं तिकीट घ्या, शेवटच्या नव्हे. विमान रद्द झालं की जीप, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर आहे, ८२७ मीटरच्या पोखऱ्याहून वीस मिनिटांत २७०० मीटरवर उतरून लगेच वर धावलात तर तुमचे बाबा मंदिराच्या पायऱ्यांवर धापा टाकतील. जोमसोमला एक रात्र काढाच.

---

कोपरीकर | ५ फेब्रुवारी, रात्री ११:१०

कागद काढून बघितला. काका, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच आहे. एकही मोकळा दिवस नाही. टूरवाल्याला फोन केला तर म्हणाला, "सर, एप्रिलमध्ये हवामान मस्त असतं, काही होत नाही." आधी आईला हे वाक्य ऐकवणार होतो, मग सुचलं की नको.

आज जेवताना सगळ्यांना धागा वाचून दाखवला. ऐरोली पुलाच्या होडीवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणाले, ती मी बघितलीय. आई वळणाच्या रुंदीवर अडली. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे तो परत फिरला तर चांगला पायलट." मी म्हटलं, हो. "आणि न फिरला तर?" तिथे बाबांनी ताक मागितलं.

दोन दिवस वाढवतोय. खर्च वाढतो, दोन काका कुरकुर करतायत. आणि आई येते म्हणाली. अटीवर, की माझ्याशेजारी बसणार.

---

नाक्यावरचा | ६ फेब्रुवारी, सकाळी ८:००

खिडकी आईला द्या.

---

कोपरीकर | २९ एप्रिल, रात्री ९:५०

धागा वर काढतोय, सगळे सुखरूप परत आलो म्हणून.

पोखऱ्याला पहाटे पाच वाजता उठवून विमानतळावर नेलं. ऊन स्वच्छ, माच्छापुच्छ्रे सोनेरी, सगळे फोटो काढतायत. पहिलं विमान गेलं, परत आलं, दुसरं गेलं. आमचं तिसरं. बसलो. पायलटचं दार उघडंच असतं त्या विमानात, समोरची काच दिसते. उडालो, हिरवी शेतं, मग घोरेपाणीचा डोंगर आला. त्याच्या पलीकडे दरीत ढग भरायला लागले होते. अजून अख्खी दरी नव्हती भरली. पलीकडे निळं आकाश दिसत होतं, खरंच दिसत होतं. मला वाटलं, जमेल.

पायलटने विमान डावीकडे नेलं, अगदी डोंगराच्या कडेला. मागचे एक काका ओरडले, "अरे जवळ आणतोय डोंगर!" मला तुमचा प्रतिसाद आठवला, सेसनावालीताई. कड धरतोय. मग विमान कललं, खिडकीत नुसती जमीन, आणि आम्ही फिरलो. दहा मिनिटांत पोखऱ्याला परत.

उतरल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. "अहो पलीकडे दिसत होतं ना निळं," असं सगळ्यांना सांगत होते. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जीपने गेलो, बेनीच्या पुढे रस्ता म्हणजे रस्ता नाही, तातोपानीला पोचेपर्यंत दोघांना उलट्या, संध्याकाळी जोमसोम. येताना मात्र सकाळचं विमान मिळालं, १८ मिनिटांत खाली. बाबांनी मुक्तिनाथच्या १०८ धारांखालून तीनदा चक्कर मारली, नंतर दोन दिवस शिंका.

---

सेसनावाली | २९ एप्रिल, रात्री १०:१५

वाचून छान वाटलं. त्या पायलटशी कुणी बोललं का?

---

कोपरीकर | २९ एप्रिल, रात्री १०:३२

मी नाही. आई बोलली. उतरताना तिने पर्समधला आलेपाक काढून त्याच्या हातावर ठेवला. घाटात लागतो म्हणून नेला होता. त्याने 'के हो?' विचारलं, तिने मराठीतच सांगितलं, "घ्या, आल्याचा आहे." त्याने तिथेच खाल्ला आणि अजून एक मागितला.

---

नाक्यावरचा | २९ एप्रिल, रात्री १०:४०

घरचा की विकतचा?